जिंजीचा किल्ला आणि मंडळाची डिस्क

ज्या विषयावर मी तीस वर्षं वर्गात उभा राहून बोललो, नेमक्या त्याच विषयात माझ्या सल्ल्यामुळे आपल्या मंडळाचं नुकसान झालं. तेव्हा हा लेख थोडा कबुलीजबाबासारखा वाटला तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

जुन्या सभासदांना आठवत असेल, काही वर्षांपूर्वी मंडळाने ज्येष्ठांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करायचं ठरवलं होतं. साठ-सत्तरच्या दशकात आठ डॉलर खिशात घालून इथे उतरलेली माणसं, पहिली थंडी, पहिली नोकरी, कणीक मिळत नाही म्हणून मैद्याच्या लाटलेल्या पोळ्या, आणि घरातलं कोणी गेल्याचं पत्र दहा-बारा दिवसांनी हातात पडणं. अशा ४१ मुलाखती झाल्या. त्या ठेवायच्या कुठे हा प्रश्न कार्यकारिणीपुढे आला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काका, तुम्ही डेटाबेसवाले, तुम्हीच सांगा." मी सांगितलं, दोन डिस्कची पेटी घ्या. एका डिस्कवर जे लिहाल ते त्याच क्षणी दुसरीवर आपोआप लिहिलं जातं, एक बंद पडली तरी दुसरी आहेच. पेटी आली, एका सदस्याच्या बेसमेंटमध्ये बसली आणि आम्ही निर्धास्त झालो.

त्या डिस्क आजवर एकदाही बिघडल्या नाहीत. झालं असं, की एका जानेवारीत कार्यक्रमांच्या व्हिडिओंना जागा कमी पडायला लागली आणि एका तरुण स्वयंसेवकाने जुनं कच्चं काम समजून एक फोल्डर पुसलं. पहिल्या डिस्कने ते पुसलं आणि दुसरीनेही, तिला शिकवल्याप्रमाणे, त्याच क्षणी पुसलं. आमच्या लक्षात आलं तीन आठवड्यांनी. तोवर त्या जागेवर लेझीम आणि फॅन्सी ड्रेस लिहून झाले होते. घरोघरी फोन करून, कोणाच्या जुन्या फोनमधून, कोणाच्या ईमेलमधून २६ मुलाखती परत मिळाल्या. १५ गेल्या. त्या १५ जणांपैकी सहा जण आज आपल्यात नाहीत. माझ्या पत्नीची मावशी त्या सहांपैकी एक.

त्या मुलाला मी एका शब्दाने बोललो नाही. यात माझा चांगुलपणा काही नाही. या विषयातला सगळ्यात जुना धडाच तो आहे.

मी मुंबईहून अमेरिकेत आलो १९७४ साली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात क्युपर्टिनोला टँडम नावाची कंपनी सुरू झाली. टँडम म्हणजे दोघांनी मिळून चालवायची सायकल. त्या काळी संगणक अधूनमधून बंद पडणारच, हे लोकांनी पावसासारखं मान्य करून टाकलं होतं. टँडमने असं यंत्र बांधलं, की त्यातल्या प्रत्येक महत्त्वाच्या भागाला जोडीदार होता. प्रोसेसर दोन, तारा दोन, डिस्क दोन. एक गेला की दुसरा काम उचलणार आणि गिऱ्हाइकाला पत्ताही लागणार नाही. पहिलं यंत्र १९७६ मध्ये सिटीबँकेकडे गेलं. पुढे बँकांची एटीएम आणि शेअर बाजार अशा यंत्रांवर चालू लागले.

या कंपनीत जिम ग्रे नावाचा संशोधक होता. १९९८ चं ट्युरिंग पारितोषिक त्याला मिळालं, डेटाबेस शिकलेल्या आमच्या पिढीला तो गुरुस्थानी. १९८५ मध्ये त्याने एक अहवाल लिहिला. प्रश्न अगदी साधा, संगणक बंद का पडतात? त्याने टँडमच्या गिऱ्हाइकांकडच्या नोंदी तपासल्या. यंत्राचा दोष १८ टक्के. सॉफ्टवेअरचा २५ टक्के. वीज, टेलिफोन, इमारत मिळून १४ टक्के. आणि सगळ्यात मोठा वाटा, ४२ टक्के, यंत्र सांभाळताना माणसांकडून होणाऱ्या गोष्टींचा. चुकीची आज्ञा देणं, जुळणीत काहीतरी भलतंच बसवणं, दुरुस्तीला जाऊन चांगला भाग काढून ठेवणं. यावर ग्रेचा इलाज माणसांना रागावण्याचा नव्हता. माणसाला मुळात कमीत कमी हात लावावा लागेल अशी यंत्रं बांधा, असं तो म्हणत होता. या न्यायाने फोल्डर पुसणारा मुलगा निर्दोष, आणि एका क्लिकमध्ये दोन्ही प्रती जातील अशी पेटी सुचवणारा प्रोफेसर दोषी. जोडीची डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे, हे वाक्य मी वर्गात दरवर्षी फळ्यावर लिहीत असे.

(ग्रेचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. २८ जानेवारी २००७ रोजी तो आपल्या शिडाच्या होडीतून, आईच्या अस्थी समुद्रात सोडण्यासाठी, सॅन फ्रान्सिस्कोहून एकटाच निघाला आणि परत आला नाही. मित्रांनी उपग्रहाची छायाचित्रं हजारो लोकांकडून तपासून घेतली. काही सापडलं नाही.)

आपल्यापैकी बऱ्याच घरांत हे दृश्य ओळखीचं असेल. थँक्सगिव्हिंगचं जेवण चाललंय, मुलाचा किंवा सुनेचा फोन विचित्र आवाजात वाजतो आणि ती व्यक्ती लॅपटॉप घेऊन वरच्या खोलीत जाते. "ऑन कॉल आहे" एवढंच आपल्याला कळतं. नक्की काय चाललेलं असतं ते सांगायचा प्रयत्न करतो.

हाय अव्हेलेबिलिटी आणि डिझास्टर रिकव्हरी असे दोन शब्द कायम जोडीने येतात, पण ती दोन वेगळी कामं आहेत. पहिल्याचा प्रश्न असा, की एक यंत्र बंद पडलं तर काम थांबू नये. त्यासाठी दोन-तीन सर्व्हर शेजारीशेजारी ठेवून त्यांचा एक गट करतात, त्याला क्लस्टर म्हणतात. हे सर्व्हर दर सेकंद-दोन सेकंदांनी एकमेकांना "आहेस ना?" असं विचारत असतात. याला हार्टबीट म्हणतात. एकाचं उत्तर यायचं थांबलं की दुसरा काम हातात घेतो. यासाठी ॲप्लिकेशनला कुठल्याही एका सर्व्हरचा पत्ता द्यायचा नसतो, गटाचा पत्ता द्यायचा असतो. आपण दवाखान्याचा नंबर लावतो, कोणते डॉक्टर आज बसलेत ते दवाखाना बघतो, तसं.

इथवर सगळं पुस्तकात असतं. गंमत पुढे आहे. तुम्ही बँकेच्या ॲपवरून भाचीच्या लग्नाला पैसे पाठवताय. बटण दाबलं, चक्र फिरायला लागलं आणि तेवढ्यात तिकडे एक सर्व्हर पडून दुसऱ्याने काम घेतलं. गेले का पैसे? पुन्हा दाबू का? डेटाबेसकडे याचं पूर्ण उत्तर नसतं. जोड तुटली तेव्हा नोंद पक्की झाली होती की नव्हती, हे ॲप्लिकेशनला विचारून घ्यावं लागतं. त्यावर उपाय चेकच्या नंबरासारखा आहे. प्रत्येक मागणीला आपला स्वतंत्र नंबर द्यायचा, म्हणजे तोच नंबर दुसऱ्यांदा आला तर पैसे दुसऱ्यांदा जात नाहीत. लाखो डॉलरचं क्लस्टर विकत घेतात आणि हा नंबर द्यायचा कंटाळा करतात, अशी उदाहरणं मी सल्लागार म्हणून पोटभर पाहिली आहेत.

या धंद्यात नऊच्या आकड्यांना फार मान. ९९.९ टक्के वेळ चालू म्हणजे वर्षात पावणेनऊ तास बंद. ९९.९९९ टक्के म्हणजे वर्षात सव्वापाच मिनिटं. प्रत्येक नवा नऊ आधीच्यापेक्षा महाग पडतो.

दुसरं काम, डिझास्टर रिकव्हरी, सुरू होतं ते अख्खी इमारतच गेल्यावर.

न्यू जर्सीतल्या वाचकांना २९ ऑक्टोबर २०१२ ची रात्र विसरता येणार नाही. सॅंडी वादळ. आमच्याकडे आठवडाभर वीज नव्हती. दिवाळी १३ नोव्हेंबरला होती आणि त्या वर्षीचा फराळ कोणाच्या घरी गॅस आहे, कोणाच्या घरी दिवा आहे, असं विचारत विचारत झाला. त्या रात्री मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला, बॅटरीपाशी, पाणी जवळजवळ १४ फुटांपर्यंत चढलं. तिथून जवळच ७५ ब्रॉड स्ट्रीट ही इमारत आहे. तिच्यात पीअर वन या कंपनीचं डेटा सेंटर होतं. वीज गेली तर म्हणून जनरेटर होता, आणि पुराचा विचार करून तो वरच्या मजल्यावर बसवलेला होता. पण त्याला डिझेल पुरवणारा पंप होता तळघरात. तळघर पाण्याखाली गेलं, पंप बंद पडला, आणि वरच्या छोट्या टाकीत काही तास पुरेल एवढंच डिझेल उरलं. मग त्या डेटा सेंटरची आणि स्क्वेअरस्पेस, फॉग क्रीक अशा त्याच्या गिऱ्हाईक कंपन्यांची माणसं काळोख्या जिन्यात रांगेने उभी राहिली आणि त्यांनी डिझेलच्या बादल्या हातोहात १७ मजले वर चढवल्या. असं त्यांनी दिवसचे दिवस केलं आणि यंत्रं चालू ठेवली. त्याच रात्री थोडं वर, एनवाययू लँगोन इस्पितळात जवळपास हाच प्रकार झाला, आणि सुमारे ३०० रुग्णांना, त्यात नुकत्या जन्मलेल्या नाजूक बाळांनाही, जिन्यावरून खाली आणावं लागलं.

बादल्यांची कथा ऐकून आपण टाळ्या वाजवतो. मीही वर्गात सांगताना वाजवायचो. पण मुलांना मी आधी एक प्रश्न घालत असे: कागदावर जनरेटर आणि पंप या दोन वेगळ्या चौकटी होत्या, दोन्हींसमोर बरोबरची खूण होती, मग त्या दोघांमधली रेघ कोणत्या मजल्यावरून जाते, हे कोणी विचारलं होतं का? जोडीदार दोन असले तरी दोघं एकाच खांबाला टेकून उभे असतील तर ते दोन नव्हेत.

या प्रश्नाचं मला माहीत असलेलं सर्वांत चोख उत्तर संगणकाच्या तीनशे वर्षं आधीचं आणि आपल्याच घरातलं आहे. शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये, दक्षिणेच्या स्वारीत, जिंजीचा किल्ला घेतला आणि तो मजबूत करून ठेवला. रायगडापासून जिंजी सरळ रेषेत नऊशे किलोमीटरच्या वर. तेव्हा रायगडाला कुठलाही धोका नव्हता. बारा वर्षांनी, १६८९ मध्ये, संभाजीराजांची हत्या झाली, रायगडाला वेढा पडला आणि पुढे तो पडला. त्याआधीच राजाराम महाराज बाहेर पडले होते. जिंजीला पोचून त्यांनी तिथून राज्य चालवलं, १६९८ मध्ये किल्ला पडेपर्यंत. इकडे महाराष्ट्रात रामचंद्रपंत अमात्यांकडे 'हुकूमतपनाह' म्हणून निर्णयाचे अधिकार होते, त्यांना दर वेळी जिंजीकडे विचारावं लागत नव्हतं. तेव्हा तिघं नीट जुळले होते: लांबची जागा, ती संकटाआधी तयार असणं, आणि कोणी काय ठरवायचं हे आधी ठरलेलं असणं. मी हे उदाहरण इंग्रजीत, अमेरिकन मुलांना, नकाशा काढून सांगत असे. मराठी मुलं वर्गात असली की ती एकमेकांकडे बघून हसायची, पण परीक्षेत उत्तर बरोबर लिहायची.

मग सगळेच आपली दुसरी प्रत हजार मैलांवर का ठेवत नाहीत? प्रकाशाच्या वेगामुळे. काचेच्या तारेतून संदेश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. न्यूयॉर्कहून कॅलिफोर्निया चार हजार किलोमीटर. जाऊन परत यायला ४० मिलिसेकंद, तेही तार अगदी सरळ टाकली तर. आपल्याला हा वेळ जाणवणारही नाही. पण समजा दोन कारकून दोन गावांत एकच खतावणी लिहितायत आणि नियम असा आहे, की दुसऱ्याने फोनवर "लिहिलं" म्हटल्याशिवाय पहिल्याने समोरच्या गिऱ्हाइकाला "झालं" म्हणायचं नाही. रांग दारापर्यंत जाईल. म्हणून जवळच्या दोन यंत्रांत हा नियम पाळतात, आणि लांबच्या यंत्राकडे नोंदी मागाहून, काही सेकंदांच्या अंतराने, पाठवत राहतात. याचा अर्थ असा, की इमारत अचानक गेली तर ते शेवटचे काही सेकंद गेले. किती सेकंदांचं नुकसान चालेल आणि पुन्हा उभं राहायला किती वेळ चालेल, हे दोन आकडे मालकाने आधी सांगायचे असतात. "काहीच नुकसान नको आणि वेळही नको" असं मालक म्हणाला तर समजावं, त्याने खर्चाचा आकडा अजून विचारलेला नाही.

जिंजीच्या गोष्टीला पुढचा भागही आहे, आणि तो आमच्या धंद्याला जास्तच लागू पडतो. रायगड पडला तेव्हा बाल शाहू मोगलांच्या हाती सापडले. त्यांच्याशी संपर्क तुटला. राज्य थांबलं नाही. राजाराम महाराजांनी आणि १७०० मध्ये त्यांच्या निधनानंतर ताराबाईंनी ते चालवलं, मुलाला गादीवर बसवलं. १७०७ मध्ये औरंगजेब मेला आणि शाहू सुटून परत आले. आता गादी कोणाची? दोन्ही बाजूंचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर. खेडला लढाई झाली, शाहूंनी साताऱ्याला राज्याभिषेक करून घेतला, कोल्हापूरची गादी वेगळी झाली, आणि वारणेचा तह व्हायला १७३१ उजाडलं.

संगणकाच्या भाषेत याला स्प्लिट ब्रेन म्हणतात. क्लस्टरमधलं एक यंत्र उत्तर देत नाही, म्हणजे ते मेलंय की फक्त मधली तार तुटलीय, हे दुसऱ्याला कळायला मार्ग नसतो. तार तुटली असेल आणि दोघांनीही "आता मीच मुख्य" असं ठरवलं, तर दोघं आपापल्या वहीत नोंदी करत सुटतात. तार जोडली की दोन वह्या, दोन्ही खऱ्या, एकमेकींशी न जुळणाऱ्या.

गिटहब ही कंपनी जगभरच्या प्रोग्रामरांचं काम सांभाळते, आपल्या मुलांपैकी अनेकांचं असेल. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी तिच्याकडे पूर्व किनाऱ्यावर एक बिघडत चाललेलं उपकरण बदलायचं नेहमीचं काम चाललं होतं. त्यात तिथला संपर्क तुटला, फक्त ४३ सेकंद. तेवढ्यात देखरेख करणाऱ्या प्रणालीने ठरवलं की पूर्वेचे डेटाबेस गेले, आणि पश्चिम किनाऱ्यावरच्यांना मुख्य केलं. नियमाप्रमाणेच केलं. पण पूर्वेकडे काही सेकंदांच्या नोंदी अशा होत्या ज्या पश्चिमेला पोचल्याच नव्हत्या, आणि माणसांना सगळं उमगेपर्यंत पश्चिमेने अर्ध्या तासाहून अधिक काळ नव्या नोंदी घेतल्या होत्या. कुठलीच वही फेकता येईना. ४३ सेकंदांचं निस्तरायला २४ तास ११ मिनिटं लागली. त्यांचं मला कौतुक अशासाठी वाटतं, की घाईने चालू करण्यापेक्षा कोणाचंही काम हरवू नये याला त्यांनी महत्त्व दिलं आणि नंतर सगळं जाहीरपणे लिहिलं.

दोन गाद्या होऊ नयेत म्हणून जो नियम असतो तो मंडळाच्या वार्षिक सभेत बसणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे. कोरम. गटातल्या निम्म्याहून अधिक यंत्रांनी मान डोलावल्याशिवाय कोणीही स्वतःला मुख्य म्हणवायचं नाही. म्हणूनच दोनच यंत्रांचं क्लस्टर हे फसवं असतं, कारण दोघांत बहुमत होत नाही. तिसरा साक्षीदार लागतो, भले तो छोटासा का असेना, आणि तो या दोघांच्या खोलीत नको. शिवाय काम हातात घेण्याआधी जुन्या मुख्याची वीज खरोखर तोडायची, म्हणजे तो अर्धवट जागा होऊन लिहायला लागणार नाही. या प्रकाराला प्रोग्रामर मंडळींनी ठेवलेलं इंग्रजी नाव दिवाळी अंकात छापण्याजोगं नाही. त्याचा अर्थ "समोरच्याच्या डोक्यात गोळी घाला" असा आहे.

आता मुंबईकडे येऊ. कारण सगळं काही असूनही वेळेला न वापरणं हा प्रकार तिथे फार स्वच्छ दिसला. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचे व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबले. टेलिफोन कंपन्यांच्या तारांमधल्या बिघाडापासून सुरुवात झाली होती. चेन्नईला एनएसईची पर्यायी यंत्रणा तयार होती. मुंबई-चेन्नई अंतर हजार किलोमीटर, म्हणजे जिंजीची जागाच म्हणा ना. पण त्या दिवशी कामकाज चेन्नईला हलवलं गेलं नाही. बाजार पुन्हा उघडला तो पावणेचारला, आणि त्या दिवशी पाच वाजेपर्यंत चालला. मधल्या चार तासांत ज्यांचे सौदे अर्धवट होते त्यांचे काय हाल झाले असतील ते शेअर बाजारात पडलेल्यांना सांगायला नको.

कामकाज का हलवलं नसेल, हे मी समजू शकतो. त्या खोलीत बसलेल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. "दहा मिनिटांत होईल दुरुस्त" असं कोणीतरी सांगत असतं. दुसऱ्या जागी जायचं म्हणजे ते नीट चालेल का, काही नोंदी सुटतील का, परत यायचं कसं, आणि जबाबदारी कोणाची? दहा मिनिटांची वीस होतात, वीसची शंभर. महिन्याभरात सेबीने नियम घालून दिला: महत्त्वाची यंत्रणा बंद पडली तर अर्ध्या तासाच्या आत 'आपत्ती' जाहीर करायची, आणि त्यानंतर ४५ मिनिटांत पर्यायी जागेहून काम सुरू करायचं. म्हणजे निर्णय घेणाऱ्याच्या डोक्यावरचं ओझं घड्याळाकडे दिलं. पुढे २ मार्च २०२४ रोजी, शनिवारी, मुद्दाम बाजार उघडला: सव्वानऊ ते दहा मुख्य जागेहून आणि साडेअकरा ते साडेबारा पर्यायी जागेहून, खऱ्या पैशांचे खरे सौदे. मला विचाराल तर त्या शनिवारचं मोल नव्या यंत्रांपेक्षा जास्त. न वापरलेली दुसरी जागा चालते की नाही हे कोणालाच माहीत नसतं, तिच्या मालकालाही नाही.

एक गोष्ट सांगायची की नाही याचा मी बराच विचार केला. आपल्या भागातल्या अनेकांना तो दिवस फार जवळून लागलेला आहे. ११ सप्टेंबर २००१ रोजी कॅंटर फिट्झगेराल्ड या रोखे व्यवहार करणाऱ्या कंपनीची ६५८ माणसं वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या उत्तर मनोऱ्यात गेली. त्यांची पर्यायी यंत्रणा न्यू जर्सीत रोशेल पार्कला होती आणि ती शाबूत होती. गुरुवारी, १३ तारखेला, रोख्यांचा बाजार उघडला तेव्हा कंपनीची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा चालू होती. तांत्रिक दृष्टीने याहून चांगली डिझास्टर रिकव्हरी सांगता येणार नाही. पण अनेक फाइलींचे पासवर्ड ज्यांना माहीत होते ती माणसं उरली नव्हती. मग त्या माणसांच्या घरी फोन करावे लागले. लग्नाचा वाढदिवस कधी, मुलांची नावं काय, कुत्र्याचं नाव काय, कॉलेज कुठलं. ज्यांच्या घरचं माणूस दोन दिवसांपूर्वी गेलं होतं त्यांना हे विचारायचं, आणि त्या उत्तरांवरून पासवर्ड ताडायचा.

हे मी पुढे वाचलं तेव्हा वर्गातल्या माझ्या आकृतीकडे पाहिलं. त्यात सर्व्हर होते, डिस्क होत्या, दोन शहरं होती, बाण होते. माणूस कुठेच नव्हता. पुढच्या सत्रापासून मी आकृतीत एक छोटा मनुष्य काढायला लागलो आणि त्याच्या शेजारी दुसरा.

घरी काय अवस्था होती ते आमच्या सौभाग्यवतींना विचारा. दोन वर्षांपूर्वी मला छातीत दुखलं म्हणून चार दिवस इस्पितळात ठेवलं होतं. हिला वीज कंपनीचं बिल भरता येईना, कारण पासवर्ड माझ्या डोक्यात. मुलगा सिॲटलहून फोनवर विचारतोय, "बाबांनी कुठे लिहून ठेवलंय का?" नव्हतं ठेवलं. आता एक वही आहे, तिची एक प्रत मुलीकडे आहे, आणि दर पाडव्याला ही त्या वहीवरून स्वतः सगळीकडे एकदा लॉगिन करते. मी शेजारी बसायचं, पण बोलायचं नाही, असा तिचा नियम.

मंडळाच्या मुलाखतींचं आता असं केलंय. बेसमेंटमधली पेटी आहेच, तिचा दोष काही नव्हता. दुसरी प्रत क्लाउडवर, जिथे पुसलेली गोष्ट ९० दिवस खरी जात नाही. तिसरी एका सभासदाच्या मुलीकडे कोलोरॅडोत, कपाटात, कुठल्याही तारेला न जोडलेली. ती वर्षातून दोनदा बदलून जाते. आणि दर कोजागिरीला, दूध आटत असताना, एक चिठ्ठी काढतो. चिठ्ठीत जी मुलाखत येईल ती कोऱ्या लॅपटॉपवर परत आणून सगळ्यांना ऐकवायची. अट एकच, ज्याने ही व्यवस्था लावली त्याने हात लावायचा नाही. म्हणजे मी नाही.

पहिल्या वर्षी तीन तासांच्या वर लागले, कारण एक किल्ली आधीच्या खजिनदारांच्या जुन्या फोनवर होती आणि ते ॲरिझोनाला राहायला गेले होते. यंदा अकरावीतल्या एका मुलीने कागदावरच्या सूचना वाचत वाचत एक तास पन्नास मिनिटांत आणली. सूचनांतली दोन वाक्यं तिला कळली नाहीत. ती तिने तिथेच खोडून नीट लिहिली. मुलाखत निघाली ती १९७१ साली डेट्रॉइटला उतरलेल्या एका काकांची. मध्येच ती म्हणाली, "थांबवा जरा, रॉकेल म्हणजे काय?" मग दूध बाजूला राहिलं आणि रॉकेलच्या रांगेवर अर्धा तास गेला.

गेलेल्या १५ पैकी नऊ जण हयात आहेत. त्यांतल्या सात जणांनी पुन्हा मुलाखत दिली. एका काकूंनी तर या वेळी पहिल्यापेक्षा जास्त सांगितलं, म्हणाल्या, तेव्हा हे होते खोलीत. उरलेले दोघं म्हणतात, एकदा सांगून झालंय, परत काय तेच तेच. त्यांतल्या एकांना मी नोव्हेंबरात पुन्हा फोन करणार आहे.